पाकिटामागचे आकडे आणि ताटातले अन्न : पोषणाच्या शिफारशी व खाद्यपदार्थांची लेबले कशी वाचावीत

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने ८ मे २०२४ रोजी भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एकूण १७ तत्त्वांपैकी अखेरचे तत्त्व खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील माहिती वाचण्याविषयी आहे. संतुलित आहार, बालकांचे पोषण, तेल, मीठ, व्यायाम आणि वृद्धांचा आहार या विषयांबरोबरच पाकीट उलटून त्याची मागील बाजू वाचण्याचा सल्लाही संस्थेला द्यावासा वाटला, यावरून देशातील घरांत बंद पाकिटातील अन्नाने किती जागा घेतली आहे, याची कल्पना येते.

पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेला तक्ता नियमांनुसारच तयार केलेला असतो. तरीही त्यातील आकडे वाचून अनेकदा चुकीचा निष्कर्ष निघतो, कारण ते कोणत्या मापाने मोजले आहेत, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. साखरेचेच उदाहरण पाहता येईल. पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला २० ते २५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर घेऊ नये. लेबलवरील टक्केवारी मात्र ५० ग्रॅम साखर हे प्रमाण धरून काढली जाते. म्हणजे ज्या पदार्थाच्या पाकिटावर साखरेचे प्रमाण ‘५० टक्के’ असे छापलेले दिसते, तो पदार्थ पोषण संस्थेच्या मोजमापाने दिवसभराची संपूर्ण साखर संपवून टाकतो. मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा घरोघरी पोहोचलेल्या काळात हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

पोषणाचा दुहेरी प्रश्न

भारतापुढील पोषणाचा प्रश्न एकाच वेळी अभावाचा आणि अतिरेकाचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६७.१ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आढळले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. या अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. पोषण संस्थेच्या अंदाजानुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे.

रक्तक्षय आणि अतिवजन ही दोन्ही एकाच घरात, कित्येकदा एकाच व्यक्तीत आढळतात. पोट भरते, उष्मांकही पुरेसे किंवा जास्त मिळतात. परंतु लोह, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि तंतू कमी पडतात. त्यामुळे ‘किती खावे’ या प्रश्नाइतकाच ‘काय खावे’ हा प्रश्नही महत्त्वाचा होतो.

शिफारशी कोण ठरवते

भारतातील पोषण संशोधनाचा आरंभ १९१८ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे झाला. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथील पाश्चर संस्थेत बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी एक लहान विभाग सुरू केला. १९५८ मध्ये ही प्रयोगशाळा हैदराबादला हलवण्यात आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. भारतीयांना कोणते पोषकतत्त्व किती लागते, याची अधिकृत शिफारस वैद्यकीय संशोधन परिषद आणि ही संस्था करतात. सध्या २०२० मधील शिफारशी आधारभूत मानल्या जातात.

या शिफारशींत दोन संकल्पना वेगळ्या केल्या आहेत. पहिली सरासरी गरजेची. एखाद्या गटातील निम्म्या निरोगी व्यक्तींची गरज ज्या प्रमाणात भागते, ते हे प्रमाण होय. दुसरी शिफारस केलेल्या दैनंदिन प्रमाणाची. हे प्रमाण गटातील जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे ९७ ते ९८ टक्के निरोगी व्यक्तींना पुरेल असे ठरवलेले असते. त्यामुळे शिफारशीपेक्षा थोडे कमी घेतल्याने लगेच कमतरता निर्माण होते, असे नाही.

शिफारशींसाठी ६५ किलो वजनाचा पुरुष आणि ५५ किलो वजनाची स्त्री आदर्श धरली आहे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० किलोकॅलरी, तर बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १,६६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. मध्यम श्रमाचे काम असल्यास हे आकडे अनुक्रमे २,७१० आणि २,१३० असे होतात. प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे पुरुषासाठी सुमारे ५४ आणि स्त्रीसाठी सुमारे ४६ ग्रॅम आहे. कॅल्शियम दोघांनाही १,००० मिलिग्रॅम लागते. लोहाची गरज पुरुषाला १९, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम असते. स्त्रीला उष्मांक कमी आणि लोह जास्त लागते. म्हणून तिच्या ताटातील प्रत्येक घास अधिक पोषक असणे गरजेचे असते. घरात सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्या भात-आमटीवर भागवण्याची रीत या हिशेबात बसत नाही.

दिवसभराचे ताट

२,००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी पोषण संस्थेने नमुना ताट मांडले आहे. त्यात सर्व भाज्या मिळून ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तृणधान्ये व भरडधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे, तीळ यांसारख्या तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. धान्य आणि डाळींची वजने न शिजवलेल्या अवस्थेतील आहेत. मांसाहार करणाऱ्यांनी डाळींचा काही भाग अंडी, मासे किंवा मांस यांनी भरून काढावा, अशी कल्पना आहे.

या ताटाचा जवळपास अर्धा भाग भाज्या आणि फळांचा आहे. तृणधान्यांतून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा येऊ नये, असे संस्था सांगते. प्रत्यक्षात भारतीय आहारात हा वाटा ५० ते ७० टक्के असतो. डाळी, दूध आणि भाज्या महाग असल्यामुळे पोट भरण्याचे काम भात आणि पोळीवर येऊन पडते. हे चित्र केवळ आवडीनिवडीने निर्माण झालेले नाही, त्यामागे बाजारभावही आहेत.

प्रथिनांच्या बाबतीत जाहिरातींनी निर्माण केलेली धास्ती मात्र या ताटाकडे पाहिल्यावर बरीच कमी होते. ८५ ग्रॅम डाळीतून सुमारे १८ ग्रॅम, २५० ग्रॅम धान्यातून २० ते २५ ग्रॅम, ३०० मिलिलिटर दुधातून ९ ते १० ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ते ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज निरोगी प्रौढाच्या गरजेइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिक होते. धान्य आणि डाळ ३:१ या प्रमाणात एकत्र खाल्ल्यास प्रथिनांचा दर्जाही सुधारतो. वरणभात, भाकरी-पिठले, थालीपीठ, इडली-सांबार आणि खिचडी या साऱ्यांत हेच तत्त्व आहे. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची भुकटी घेणे टाळावे, असे मार्गदर्शक तत्त्वांत सुचवण्यात आले आहे.

भरडधान्यांचे महत्त्वही आकड्यांतून दिसते. पोषण संस्थेच्या २०१७ मधील अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रौढाच्या दैनंदिन गरजेचा हा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा झाला. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू यांसारखा क जीवनसत्त्वाचा स्रोत असल्यास हे शोषण वाढते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास ते घटते.

वाणसामानाच्या यादीवरून अंदाज

रोज ग्रॅममध्ये मोजून स्वयंपाक करणे कोणत्याही घरात शक्य नसते. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवरून मात्र ढोबळ हिशेब करता येतो.

चार प्रौढ व्यक्तींच्या कुटुंबाला दिवसाला माणशी २७ ग्रॅम या प्रमाणाने महिन्याला सुमारे सव्वातीन किलो, म्हणजे अंदाजे साडेतीन लिटर तेल पुरायला हवे. यात तूप आणि लोणीही धरायचे आहे. मिठाची मर्यादा माणशी ५ ग्रॅम आहे. त्यानुसार या कुटुंबाला एक किलो मीठ सुमारे ५० दिवस पुरले पाहिजे आणि या हिशेबात लोणचे, पापड, फरसाण व विकतच्या खाऱ्या पदार्थांतील मीठही येते. साखर माणशी २५ ग्रॅम धरली तरी महिन्याला जास्तीत जास्त तीन किलो होते. चहा, सरबत आणि घरातील गोडाबरोबरच बिस्किटे, शीतपेये, जॅम आणि सॉस यांतील साखरही त्यातच मोजायची. गूळ आणि मध यांतही प्रामुख्याने साखरच असते, त्यामुळे त्यांना या हिशेबातून सूट मिळत नाही.

घरातील डब्यांचा हिशेब असा लावता येतो. पाकिटातून येणाऱ्या साखर-मीठ-तेलाचा हिशेब करायचा, तर लेबल वाचावे लागते.

वेष्टनावर काय असणे बंधनकारक आहे

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये मंजूर झाला आणि त्यानुसार २००८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले. लेबलविषयीचे सध्याचे विनियम २०२० मधील आहेत. त्यांनुसार पदार्थाचे नाव, घटकांची यादी, पोषणविषयक तक्ता, शाकाहारी किंवा मांसाहारी असल्याचे चिन्ह, निव्वळ वजन, उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, उत्पादकाचे नाव-पत्ता, ॲलर्जी निर्माण करू शकणाऱ्या घटकांची नोंद आणि प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक देणे आवश्यक असते.

शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ असते. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी वर्तुळ होते, ते आता तपकिरी त्रिकोण करण्यात आले आहे. रंगांधळ्या व्यक्तीलाही आकारावरून फरक कळावा, हा त्यामागील हेतू आहे. पदार्थात लोह, आयोडीन किंवा जीवनसत्त्वे ठरावीक प्रमाणात मिसळलेली असल्यास अधिक चिन्ह आणि ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर असलेले निळे चिन्ह दिलेले असते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विनियमांतील भाषेची तरतूद महत्त्वाची आहे. लेबलवरील बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावी, असा नियम आहे. अन्य भाषा जोडीला वापरण्यास मुभा आहे, सक्ती मात्र नाही. परिणामी पुण्यात, बडोद्यात, बेळगावात किंवा इंदूरमध्ये पाकीट हाती घेणाऱ्या मराठी ग्राहकाला बहुतेक वेळा इंग्रजी शब्दच वाचावे लागतात. त्यांपैकी मोजके ओळखता आले तरी काम भागते. ‘एनर्जी’ म्हणजे ऊर्जा, ‘कार्बोहायड्रेट’ म्हणजे कर्बोदके, ‘टोटल शुगर’ म्हणजे एकूण साखर, ‘ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली साखर, ‘टोटल फॅट’ म्हणजे एकूण स्निग्धांश, ‘सॅच्युरेटेड फॅट’ म्हणजे संपृक्त स्निग्धांश आणि ‘सोडियम’ म्हणजे मिठातील मुख्य घटक. एकूण साखरेत दूध आणि फळांतील नैसर्गिक साखरही येते, म्हणून तुलना करताना वरून घातलेल्या साखरेचा आकडा पाहणे योग्य.

अगदी लहान पाकिटांना काही सवलती आहेत. वेष्टनाचे एकूण क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नसल्यास घटकांची यादी आणि पोषणतक्ता त्या पाकिटावर छापावाच लागतो, असे नाही. ती माहिती अनेक पाकिटांच्या मोठ्या खोक्यावर दिली तरी चालते. दुकानातून एकच पुडी विकत घेणाऱ्या मुलाच्या हाती ते खोके येत नाही.

तक्ता वाचण्याची रीत

पोषणतक्त्यात दोन मापे असतात. पहिल्या स्तंभात १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर पदार्थातील प्रमाण असते. दुसरे माप एका वेळच्या वाढणीचे असते. त्या वाढणीतून दिवसाच्या शिफारशीचा किती टक्के भाग मिळतो, हे तेथे दिलेले असते. ही टक्केवारी काढताना ऊर्जा २,००० किलोकॅलरी, एकूण स्निग्धांश ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅम, ट्रान्स स्निग्धांश २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २,००० मिलिग्रॅम हे आधार धरावेत, असे विनियमांत म्हटले आहे.

यातील साखरेचा ५० ग्रॅमचा आकडा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांवरून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेसाठी १० टक्क्यांची कमाल मर्यादा सांगितली आणि ती ५ टक्क्यांपर्यंत आणल्यास अधिक लाभ होऊ शकेल, असे सुचवले. भारतीय पोषण संस्थेने ५ टक्क्यांची मर्यादा स्वीकारली आहे. दोन्ही आकडे अधिकृत असले तरी त्यांतील अंतर दुपटीचे आहे.

हा हिशेब एका काल्पनिक बिस्किटाच्या पुड्यावरून स्पष्ट होईल. समजा, पुडा १२० ग्रॅमचा आहे. त्यावर १०० ग्रॅममागे ऊर्जा ४७४ किलोकॅलरी, वरून घातलेली साखर २२ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश ९ ग्रॅम आणि सोडियम ३५० मिलिग्रॅम असे आकडे छापले आहेत. वाढणी चार बिस्किटांची, म्हणजे २५ ग्रॅमची धरली आहे. या वाढणीत साडेपाच ग्रॅम साखर येते आणि लेबलवर ती ‘११ टक्के’ अशी दिसते. आकडा किरकोळ वाटतो.

आता हाच पुडा दिवसभरात चहाबरोबर एकाच व्यक्तीने संपवला, असे धरू. पोटात गेलेली साखर २६.४ ग्रॅम, म्हणजे पाच चमच्यांहून अधिक झाली. लेबलच्या मापाने हे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते. पोषण संस्थेच्या मापाने मात्र दिवसाची मर्यादा ओलांडली गेली आणि चहातील साखर अजून मोजायचीच आहे. संपृक्त स्निग्धांश १०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या जवळपास निम्मा झाला. ऊर्जा ५६९ किलोकॅलरी झाली. २,००० च्या आधारावर ती २८ टक्के भरते. परंतु बैठे काम करणाऱ्या स्त्रीच्या १,६६० किलोकॅलरींच्या गरजेत तिचा वाटा ३४ टक्के होतो. सोडियम ४२० मिलिग्रॅम झाले. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. येथे ते एक ग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे दिवसाच्या मिठाचा पाचवा हिस्सा भरते. गोड बिस्किटात एवढे मीठ असेल, अशी शंका चवीवरून येत नाही.

यावरून लेबल वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. दोन पदार्थांची तुलना करायची असल्यास १०० ग्रॅमचा स्तंभ वाचावा. आपण प्रत्यक्षात किती खातो, याच्याशी वाढणीचे वजन ताडून पाहावे. वरून घातलेल्या साखरेची टक्केवारी दुप्पट धरावी. सोडियमचे मिठात रूपांतर करावे.

घटकांची यादी काय सांगते

घटक त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते. त्यामुळे पहिल्या तीन-चार नावांवरून पदार्थाचे स्वरूप बहुतांशी कळते. पुढच्या बाजूस ‘मल्टिग्रेन’ असे ठळक छापलेले असले आणि यादीत पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असे असले, तर तो पदार्थ मुख्यतः मैद्याचा आहे. साखर वेगवेगळ्या नावांनी येते. ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘फ्रुक्टोज’ आणि ‘डेक्स्ट्रोज’ ही त्यांपैकी काही नावे होत. ती विभागून आल्यामुळे यादीत प्रत्येकीचे स्थान खाली जाते, एकूण साखर मात्र तेवढीच राहते.

हायड्रोजनीकृत वनस्पती तेलाचा उल्लेख आढळल्यास ट्रान्स स्निग्धांशाचा आकडा पाहावा. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांत औद्योगिक ट्रान्स स्निग्धांशाची कमाल मर्यादा २ टक्के करण्यात आली आहे.

आयएनएस या अक्षरांपुढील क्रमांक म्हणजे अन्नात मिसळलेल्या परवानगीप्राप्त द्रव्यांची आंतरराष्ट्रीय सूची. क्रमांक दिसला म्हणजे ते द्रव्य घातकच असते, असे मुळीच नाही. आयएनएस ३३० म्हणजे लिंबात आढळणारे सायट्रिक आम्ल आणि आयएनएस ५०० म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या वर्गातील द्रव्य. अशा क्रमांकांची यादी लांब असल्यास पदार्थावर बरीच प्रक्रिया झाली आहे, एवढा अर्थ घ्यावा.

दर्शनी बाजूवरील दावे

पाकिटाच्या मागील बाजूस माहिती असते आणि पुढील बाजूस आवाहन. पोषणविषयक दावे करण्यासाठी २०१८ च्या विनियमांत अटी घातल्या आहेत. ‘शुगर फ्री’ असे म्हणण्यासाठी १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावी लागते. ‘लो फॅट’ म्हणण्यासाठी घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये स्निग्धांश ३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावा लागतो. ‘ट्रान्स फॅट फ्री’ या दाव्यासाठी ही मर्यादा १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅमहून कमी आहे. प्रत्येक दावा एकाच घटकापुरता असतो. साखरमुक्त मिठाईत तूप आणि मैदा भरपूर असू शकतो. स्निग्धांश कमी केलेल्या पदार्थात चव राखण्यासाठी साखर वाढवलेली असू शकते. मधुमेही व्यक्तीने ‘शुगर फ्री’ हे शब्द वाचून हात सैल सोडला, तर पिष्टमय पदार्थांमुळे रक्तातील साखर वाढतेच.

फळांच्या रसाबाबत प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये हस्तक्षेप केला. घट्ट अर्कात पाणी मिसळून तयार केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे लिहिता येणार नाही, असा आदेश देण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूध, धान्य किंवा माल्ट यांवर आधारित पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात विकू नयेत, असे ऑनलाइन विक्रेत्यांना सांगण्यात आले होते. ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाची अन्नविषयक कायद्यात व्याख्याच नाही, हे त्यामागील कारण होते.

शब्दाचा गैरसमज जिवावर कसा बेतू शकतो, हे ओआरएसच्या प्रकरणावरून दिसते. अतिसारात शरीरातील पाणी व क्षार भरून काढणाऱ्या या द्रावणाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहे. एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, त्याशिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट असे ते सूत्र आहे. सर्वसाधारण गोड शीतपेयात लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर असते. जुलाब होणाऱ्या बालकाला इतके गोड पेय दिल्यास आतड्यात पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात. असे असताना काही पेयांच्या नावांत ही तीन अक्षरे वापरली जात होती. २०२२ आणि २०२४ मधील आदेशांनी सूचना छापण्याच्या अटीवर त्यास मुभाही दिली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली आणि सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात किंवा व्यापारचिन्हात ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली. पालकांनी औषधांच्या दुकानातूनही पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

लेबल नसलेले अन्न

वडापाव, समोसा, कचोरी, सुटे फरसाण आणि बेकरीतील खारी यांवर तक्ता नसतो. या पदार्थांतील तेल-मिठाचा अंदाज ग्राहकालाच बांधावा लागतो. काही ठिकाणी नियम पोहोचले आहेत. सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे, हे लिहिणे ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना जुलै २०२२ पासून पदार्थांच्या यादीत उष्मांक दाखवावे लागतात.

शाळांच्या पातळीवर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. दिवसाला किती साखर योग्य, नेहमीच्या खाऊत आणि पेयांत ती किती असते आणि तिचे परिणाम काय होतात, ही माहिती या फलकांवर मुलांना देणे अपेक्षित आहे.

ठळक इशाऱ्याची प्रतीक्षा

मागील बाजूचा तक्ता वाचण्यासाठी वेळ, इंग्रजी किंवा हिंदीचे ज्ञान आणि गणित, तिन्ही लागतात. म्हणून पाकिटाच्या पुढील बाजूसच सोपी खूण असावी, अशी मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पदार्थांना अर्धा ते पाच तारे देण्याच्या पद्धतीचा मसुदा प्रसिद्ध केला. तंतू किंवा प्रथिनांमुळे मिळालेले गुण जास्त साखरेचा दोष झाकतात, असा आक्षेप त्यावर सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातून घेण्यात आला. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांवर काळ्या अष्टकोनी इशाऱ्याची पद्धत लागू केली असून भारतातही तसेच इशारे असावेत, असे या गटांचे म्हणणे आहे. ताऱ्यांमुळे ग्राहकाला एका नजरेत तुलना करता येते, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे.

जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांची माहिती ठळक व तुलनेने मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निर्णय देताना, दर्शनी लेबलविषयी तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी सादर कराव्यात, असे सांगितले. पुढे ही मुदत वाढवण्यात आली.

अधिकृत निर्णय कोणताही झाला, तरी काही बाबी ग्राहकाच्या हाती आजही आहेत. परवाना क्रमांक नसलेला, तारीख खोडलेला किंवा संशयास्पद दावा करणारा पदार्थ आढळल्यास ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर किंवा प्राधिकरणाच्या १८००-११२-१०० या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवती स्त्रियांनी आहारातील बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने करावेत. विशेषतः ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते अपायकारक ठरू शकते.

भाजी, डाळ, धान्य, दूध आणि फळे यांवर कोणताही दावा छापलेला नसतो. ताटाचा मोठा भाग त्यांनी भरलेला असेल, तर पाकिटामागचा तक्ता वाचण्याची वेळ मुळातच कमी वेळा येते. आणि ती आली, तर साखरेची टक्केवारी दुप्पट धरायची, एवढे लक्षात ठेवले तरी बिस्किटांचा पुडा किंवा शीतपेयाची बाटली हाती घेताना निर्णय करणे सोपे जाते.